हेमिंग्वेचा म्हातारा कोळी

मराठी वाचनालयांतील अनुवादित साहित्याच्या कपाटात ‘एका कोळियाने’ हे लहानसे पुस्तक बहुधा असतेच. अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या कादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला हा अनुवाद १९६५ साली प्रसिद्ध झाला. पुस्तकाचे नाव त्यांनी घेतले ते मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केलेल्या एका कवितेतून. कवितेतला कोळी जाळे विणणारा; तो पडतो आणि पुन्हा चढतो. कादंबरीतला कोळी समुद्रावर जाणारा. त्याच्या वाट्यालाही तेच आले आहे. एका शब्दाच्या दोन अर्थांचा सांधा जुळवून पु. लं.नी क्यूबाच्या किनाऱ्यावरचा एक म्हातारा मराठी घरात आणून बसविला. मूळ परदेशी आहे याची आठवण वाचकाला फार वेळ राहत नाही.

शताब्दीच्या निमित्ताने आपल्या संग्रहातील ग्रंथांमागची माणसे सभासदांसमोर यावीत, या हेतूने हेमिंग्वेच्या जीवनाचा हा परिचय करून देत आहोत. तो करून देताना एका प्रश्नाला सामोरे जाणे भाग आहे. हार न मानणाऱ्या वृद्धाचे चित्र ज्या लेखकाने जगाला दिले, त्याने स्वतः मात्र वयाची ६२ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच आपले जीवन संपविले. हे कळल्यावर पुष्कळ वाचक थबकतात. ज्याला जगणे पेलले नाही त्याच्या पुस्तकातले धैर्य खरे मानावे काय? ते पुस्तक मुलांच्या हाती विश्वासाने द्यावे काय? या प्रश्नाला झटपट उत्तर देण्यापेक्षा त्याचा जीवनक्रम आरंभापासून पाहणे बरे.

अर्नेस्ट हेमिंग्वेचा जन्म २१ जुलै १८९९ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरालगतच्या ओक पार्क या गावी झाला. वडील क्लॅरेन्स हेमिंग्वे डॉक्टर होते. आई ग्रेस संगीताची जाणकार होती. सहा भावंडांत अर्नेस्ट दुसरा. आईच्या आग्रहाखातर तो चेलो हे वाद्य शिकला, पण त्याचे मन रमले ते वडिलांच्या सहवासात. उन्हाळ्यात हे कुटुंब मिशिगन राज्यातील वालून सरोवराच्या काठी राहावयास जाई. तेथे वडिलांनी त्याला मासे धरण्यास, शिकार करण्यास आणि रानात वावरण्यास शिकविले. पाणी, गळ आणि मासा यांची जी ओळख बालवयात झाली ती पुढे जन्मभर टिकली. घरातील वातावरण शिस्तीचे व धार्मिक वळणाचे होते. वडिलांच्या स्वभावात मधूनमधून खोल विषण्णता येई. तिचा अर्थ घरच्यांना पुढे कळावयाचा होता.

१९१७ साली शालेय शिक्षण संपल्यावर अर्नेस्ट महाविद्यालयात गेला नाही. त्याने ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्रात बातमीदाराची नोकरी धरली. ही नोकरी जेमतेम सहा-सात महिने टिकली, परंतु तिने त्याला आयुष्यभराची शिदोरी दिली. वाक्ये आखूड असावीत, भाषा जोमदार असावी, शिळी विशेषणे टाळावीत, अशा आशयाचे नियम त्या कचेरीने आपल्या बातमीदारांना घालून दिलेले होते. इतरांनी ते नोकरीपुरते पाळले; हेमिंग्वेने ते साहित्यात नेले.

तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. १९१८ साली रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेचा चालक म्हणून तो इटलीत दाखल झाला. ८ जुलै १९१८ च्या रात्री पियावे नदीकाठच्या फोसाल्ता या गावाजवळ, खंदकातील सैनिकांना चॉकलेट व सिगारेटी वाटत असताना, त्याच्या जवळच तोफगोळा फुटला. त्याच्या पायांत लोखंडाचे दोनशेहून अधिक तुकडे शिरले. वयाची १९ वर्षेही तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. मिलान येथील रुग्णालयात अनेक महिने काढताना अ‍ॅग्नेस फॉन कुरोव्स्की या परिचारिकेवर त्याचे प्रेम जडले. विवाहाचे स्वप्न उराशी बाळगून तो १९१९ च्या जानेवारीत मायदेशी परतला, आणि थोड्याच दिवसांत तिचे नकाराचे पत्र आले. इटलीने त्याला शौर्यपदक दिले होते. गावात त्याची व्याख्याने होत होती. पण रात्री अंधारात त्याला झोप लागत नसे. पराक्रमाची कथा सांगणारा माणूस आणि अंधाराला भिणारा माणूस, हे दोघे त्याच्या ठायी तेव्हापासूनच एकत्र नांदू लागले होते.

१९२१ च्या सप्टेंबरात हॅडली रिचर्डसनशी त्याचा विवाह झाला आणि वर्ष संपण्यापूर्वी हे जोडपे पॅरिसला येऊन राहिले. ‘टोरंटो स्टार’ या वृत्तपत्राचा परदेशी बातमीदार म्हणून मिळणारा मोबदला आणि हॅडलीच्या वारसाहक्काच्या ठेवीचे उत्पन्न यांवर संसार चाले. पॅरिसमधील ओदेआँ रस्त्यावर सिल्विया बीच या अमेरिकन बाईंचे ‘शेक्सपियर अँड कंपनी’ नावाचे दुकान होते. ते पुस्तकांचे दुकान होते, तसेच वर्गणी घेऊन इंग्रजी ग्रंथ घरी वाचावयास देणारे वाचनालयही होते. हेमिंग्वे प्रथम तेथे गेला तेव्हा त्याच्या खिशात पुरेशी रक्कम नव्हती. सिल्विया बीच यांनी पैसे सवडीने द्यावेत असे सांगून त्याचे नाव सभासदांत घातले आणि हवी तितकी पुस्तके नेऊ दिली, असे त्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. तुर्गेनेव्ह, टॉल्स्टॉय, दोस्तोयेव्हस्की हे रशियन लेखक त्याने इंग्रजी अनुवादांतून वाचले ते याच सुमारास. महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या त्या तरुणाचे विद्यापीठ म्हणजे हे छोटे वाचनालय होते. त्या वाचनालयाची सभासदपत्रे आज अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात जतन केलेली आहेत आणि कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले व केव्हा परत केले हे त्यांवरून अभ्यासकांना समजते. देवघेवीच्या नोंदी किती मोलाच्या ठरू शकतात, हे आपल्या ग्रंथपालांना निराळे सांगावयास नको.

याच सिल्विया बीच यांनी १९२२ साली जेम्स जॉइसची ‘युलिसीस’ ही कादंबरी प्रकाशित केली. माणसाच्या मनात एका दिवसात उमटणारे विचार, आठवणी, विसंगत कल्पना यांचा प्रवाह जसाच्या तसा शब्दांत धरण्याचा तो प्रयत्न होता. युद्धाने जुन्या श्रद्धा मोडल्या होत्या. त्या मोडलेल्या जगाला जुन्या कादंबरीचा सांचा अपुरा वाटू लागला होता. या नव्या जाणिवेचे पडसाद मराठीतही उमटले. आपल्या शेजारच्या खानदेशात, फैजपूर येथे जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’ ही संज्ञाप्रवाहाचे तंत्र वापरणारी कादंबरी लिहिली. अमेरिकेत विल्यम फॉकनरने लांबच लांब, गुंतागुंतीच्या वाक्यांतून हाच वेध घेतला. हेमिंग्वेने मात्र नेमकी उलटी वाट धरली. मनातील खळबळ शब्दांत ओतण्याऐवजी ती शब्दांच्या मागे ठेवावी, असे त्याला वाटले.

त्याच्या धडपडीच्या काळातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९२२ च्या डिसेंबरात तो बातमीदारीसाठी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे होता. त्याला भेटावयास निघालेल्या हॅडलीने त्याची जवळजवळ सर्व हस्तलिखिते, नकलांसह, एका पेटीत भरून घेतली. पॅरिसच्या स्थानकावर ती पेटी चोरीस गेली. दोन-तीन वर्षांचे काम नाहीसे झाले; एक-दोन कथा तेवढ्या इतरत्र असल्याने वाचल्या. त्या पेटीचा पुढे कधीही शोध लागला नाही. हेमिंग्वे पुन्हा पहिल्यापासून लिहावयास बसला. १९२३ साली त्याची पहिली छोटी पुस्तिका निघाली आणि १९२५ साली ‘इन अवर टाइम’ हा कथासंग्रह अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

१९२६ च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘द सन ऑल्सो राइझेस’ या कादंबरीने त्याचे नाव सर्वतोमुखी केले. युद्धाने शरीराने व मनाने घायाळ झालेली तरुण माणसे पॅरिसहून स्पेनमधील पांप्लोना गावी बैलांच्या झुंजी पाहावयास जातात, पितात, भांडतात, प्रेमात पडतात आणि रिकाम्या हातांनी परततात, एवढीच तिची कथा. दुःखाचे वर्णन त्यात जवळजवळ नाहीच. पात्रे साधे बोलतात, खातात, मासे धरतात, आणि वाचकाला त्यांचे दुःख आपोआप जाणवते. आपल्या या रीतीचे स्पष्टीकरण त्याने पुढे १९३२ साली हिमनगाच्या उपमेने केले. हिमनगाचा केवळ एक अष्टमांश भाग पाण्यावर दिसतो आणि उरलेला खाली असतो, म्हणूनच त्याच्या चालीला भारदस्तपणा येतो, असे त्याचे म्हणणे होते. अर्थात लेखकाला माहीत नाही म्हणून जे गाळले जाते त्याने पोकळीच निर्माण होते, हेही त्याने बजावून ठेवले होते.

कीर्ती आली, त्याबरोबर संसार मोडला. १९२७ मध्ये हॅडलीशी घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी पॉलिन फायफरशी विवाह झाला. पुढच्या वर्षी, ६ डिसेंबर १९२८ रोजी, त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. मधुमेह, पैशाची विवंचना आणि मनाची विषण्णता यांनी ते खचले होते. ज्या हातांनी गळ टाकावयास शिकविले त्या हातांचा असा शेवट झालेला पाहून हेमिंग्वे हादरला. त्या काळी मनाच्या आजाराला आजार म्हणण्याची रीत नव्हती. त्याने वडिलांच्या कृत्याला दुबळेपणा मानले, आणि आपण तसे दुबळे नाही हे सिद्ध करण्यात पुढील आयुष्याचा मोठा भाग वेचला. १९२९ साली आलेल्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या इटलीतील युद्धावरील कादंबरीचा शेवट आपण ३९ वेळा लिहिला असे त्याने एका मुलाखतीत सांगितले होते. पुढे त्याच्या कागदपत्रांत अभ्यासकांना त्याहूनही अधिक खर्डे मिळाले.

यानंतरचा हेमिंग्वे म्हणजे वृत्तपत्रांतील छायाचित्रांचा हेमिंग्वे. आफ्रिकेत सिंहाची शिकार करणारा, स्पेनमध्ये बैलझुंजी पाहणारा, ‘पिलार’ नावाच्या आपल्या होडीतून महाकाय मासे धरणारा, दाढीवाला, दणकट पुरुष. १९३७-३८ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धाच्या बातम्या त्याने रणभूमीवरून पाठविल्या आणि त्या अनुभवावर १९४० साली ‘फॉर हूम द बेल टोल्स’ ही मोठी कादंबरी लिहिली. त्याच वर्षी मार्था गेलहॉर्न या निर्भय बातमीदार स्त्रीशी त्याचा तिसरा विवाह झाला. तोही टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो बातमीदार म्हणून युरोपात होता. १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झाले तेव्हा तो ओदेआँ रस्त्यावर सिल्विया बीच यांच्या भेटीस धावला. जर्मन अमलात १९४१ मध्ये त्यांना आपले दुकान बंद करून ग्रंथ लपवावे लागले होते. १९४६ साली मेरी वेल्श ही त्याची चौथी पत्नी झाली. या पराक्रमाच्या आणि विवाहांच्या गर्दीत मद्यपान वाढत गेले, डोक्याला वरचेवर दुखापती झाल्या, आणि लेखन मंदावले.

१९३९ पासून त्याचे वास्तव्य क्यूबात, हवाना शहराजवळच्या ‘फिंका विहिया’ या घरी होते. घरात सुमारे ९,००० ग्रंथ होते. न्हाणीघरातही पुस्तकांची फळी होती. रोज पहाटे उठून तो लिहावयास उभा राही, होय, उभाच, आणि त्या दिवशी किती शब्द झाले त्याची नोंद एका तक्त्यावर करी. १९५० साली दहा वर्षांच्या खंडानंतर त्याची ‘अक्रॉस द रिव्हर अँड इंटू द ट्रीज’ ही कादंबरी आली आणि टीकाकारांनी ती झोडपून काढली. हा लेखक संपला, आता तो स्वतःचीच नक्कल करीत आहे, असा सूर सर्वत्र निघाला. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेल्या कोळ्याची गोष्ट त्याने लिहिली ती यानंतर काही महिन्यांतच, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ही गोष्ट त्याच्याजवळ बरीच वर्षे पडून होती. १९३६ च्या एप्रिलमध्ये ‘एस्क्वायर’ मासिकातील एका लेखात त्याने एक घटना काही ओळींत सांगितली होती. होडीत एकट्याने मासेमारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या क्यूबन कोळ्याच्या गळाला प्रचंड मार्लिन मासा लागला आणि त्याने होडी दूर समुद्रात ओढून नेली. दोन दिवसांनी इतर कोळ्यांनी त्या म्हाताऱ्याला वाचविले तेव्हा शार्कनी माशाचा निम्म्याहून अधिक भाग खाल्ला होता आणि म्हातारा होडीत बसून वेड्यासारखा रडत होता. पंधरा वर्षांनी, १९५१ च्या आरंभी, सुमारे आठ आठवड्यांत त्याने या बीजाची कादंबरी केली. ती करताना त्याने काय बदलले हे पाहणे उद्बोधक आहे. कादंबरीतला म्हातारा सांतियागो कोणी सोडविण्याची वाट पाहत नाही. तो आपली होडी स्वतः किनाऱ्याला आणतो. तो रडत नाही. आणि मूळ घटनेत नसलेला मानोलिन नावाचा एक मुलगा या गोष्टीत आला आहे.

कथा सभासदांपैकी अनेकांच्या परिचयाची आहे. सांतियागोला ८४ दिवसांत मासा मिळालेला नाही. पहिले ४० दिवस त्याच्याबरोबर असलेल्या मुलाला आईबापांनी दुसऱ्या, नशीबवान होडीवर पाठविले आहे. तरी तो मुलगा रोज म्हाताऱ्याचे सामान उचलावयास येतो, त्याच्या जेवणाची सोय पाहतो, त्याच्याशी बेसबॉलच्या गप्पा मारतो. ८५ व्या दिवशी म्हातारा नेहमीपेक्षा दूर जातो आणि त्याच्या गळाला होडीपेक्षा दोन फूट लांब मार्लिन लागतो. दोन दिवस, दोन रात्री तो माशाला सोडत नाही आणि मासा त्याला सोडत नाही. दोरीने हात चिरतात, डावा हात आखडतो. मुलगा बरोबर असता तर, हा विचार त्याच्या मनात पुनःपुन्हा येतो. तिसऱ्या दिवशी तो माशाला मारतो, होडीला बांधतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क येतात. भाला जातो, सुरी मोडते, वल्ह्याने तो मारत राहतो. किनाऱ्याला लागतो तेव्हा होडीला बांधलेला असतो तो केवळ सांगाडा. डोलकाठी खांद्यावर घेऊन, वाटेत पडत-उठत तो झोपडीत येऊन निजतो. सकाळी मुलगा येतो, त्याचे हात पाहतो आणि रडू लागतो. लेखातला म्हातारा रडला होता; कादंबरीत ते रडणे मुलाकडे गेले आहे.

या कादंबरीच्या भाषेचाही एक विशेष आहे, आणि तो आपल्या गावच्या वाचकाला इतरांहून लवकर उमजावा. हेमिंग्वे वीस वर्षांहून अधिक काळ स्पॅनिश भाषेच्या मुलखात राहिला, पण लिहिले इंग्रजीतच. त्याचे कोळी बोलतात ते मनाने स्पॅनिश. ते इंग्रजीत उतरताना त्या भाषेला एक वेगळी, जरा जुनी, सोज्ज्वळ लय येते. परभाषेच्या शेजारात राहून आपली भाषा जपावी आणि शेजारच्या भाषेचा सुगंधही तीत येऊ द्यावा, हे इतवाऱ्यातल्या मराठी घरांना शिकवावे लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले, विदर्भ निराळा झाला. पण कपाटांतली मराठी पुस्तके येथेच राहिली आणि वाचली गेली. आपण समुद्रापासून दूर आहोत खरे. तरी ताप्तीच्या पात्रात जाळे टाकणारा माणूस आपण पाहिलेला आहे, आणि तुटलेला धागा पुन्हा गाठून माग चालू ठेवणारी माणसे तर या गावाने शतकानुशतके पाहिली आहेत. सांतियागोला ओळखण्यास एवढे पुरेसे आहे.

१ सप्टेंबर १९५२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात ही कादंबरी संपूर्ण छापली गेली आणि त्या अंकाच्या ५० लाखांहून अधिक प्रती दोन दिवसांत खपल्या. आठवड्याभरात पुस्तकही निघाले. संपला म्हटलेला लेखक पुन्हा उभा राहिला. १९५३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९५४ च्या जानेवारीत आफ्रिकेत युगांडामध्ये हेमिंग्वे लागोपाठ दोन दिवसांत दोन विमान-अपघातांत सापडला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्या निधनाच्या बातम्या छापल्या आणि त्या त्याने स्वतः वाचल्या; परंतु कवटी, यकृत, मूत्रपिंड, मणका यांना झालेल्या इजा पुरत्या भरून आल्या नाहीत. त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक त्याला जाहीर झाले. प्रकृतीमुळे तो स्टॉकहोमला जाऊ शकला नाही. त्याचे छोटेसे भाषण तेथील अमेरिकन राजदूताने वाचून दाखविले. पदक त्याने क्यूबातील एल कोब्रे येथील माउलीच्या चरणी अर्पण केले. ज्या कोळ्यांनी ही गोष्ट दिली त्यांच्या देवस्थानी ते राहावे, ही त्यामागची भावना असावी.

यानंतरची वर्षे उताराची होती. १९६० साली त्याने क्यूबा सोडले. घर, होडी, ग्रंथ, हस्तलिखिते, ओळखीचे कोळी, सारे मागे राहिले. अमेरिकेत आयडाहो राज्यातील केचम येथे राहत असताना त्याच्या मनाचा तोल जाऊ लागला. पोलीस आपल्या पाळतीवर आहेत असे त्याला वाटे. घरची माणसे तो भ्रम समजत. अमेरिकेच्या केंद्रीय तपास विभागाकडे १९४२ पासून त्याच्यावर खरोखरच एक दप्तर होते, हे पुढे १९८० नंतर उघड झाले. मात्र त्याच्या भीतीने गाठलेली मर्यादा आजाराचीच होती. मेयो क्लिनिकमध्ये त्याच्या मेंदूला विजेचे झटके देण्याचे उपचार झाले. त्यांनी स्मरणशक्ती क्षीण झाली, असे त्याला वाटे. १९६१ च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना द्यावयाच्या एका ग्रंथासाठी चार वाक्ये लिहून देण्याची विनंती त्याला झाली. अर्धा-एक दिवस बसूनही ती वाक्ये जमेनात, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आले. २ जुलै १९६१ रोजी पहाटे केचमच्या घरी त्याने आपले जीवन संपविले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, हेमिंग्वेचा मृत्यू हा नैतिक पराभव मानणे अन्यायाचे आहे. वडिलांच्या मृत्यूला त्याने दुबळेपणा म्हटले; तीच चूक आपण त्याच्या बाबतीत करू नये. त्याच्या घराण्यात ही व्यथा पिढ्यान्‌पिढ्या दिसते. बहीण उर्सुला व भाऊ लेस्टर यांचाही शेवट असाच झाला. डोक्याच्या दुखापती, मद्य आणि देहाची पडझड यांनी तिला बळ दिले. मन आजारी पडते आणि त्यावर उपचार असतात, हे आज आपण मोकळेपणाने म्हणू शकतो. त्या पितापुत्रांना ते म्हणता आले नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकाविषयीची. ते विजयाची हमी देत नाही. सांतियागो मासा गमावतो. किनाऱ्यावरचे प्रवासी त्या सांगाड्याकडे पाहून तो कशाचा हेदेखील ओळखत नाहीत. या कादंबरीचा आधार म्हाताऱ्याच्या मनगटात आहे, असे आपण सहसा समजतो. परंतु अधिक लक्ष देऊन वाचले तर तो आधार दुसरीकडेही आढळतो. समुद्रावर म्हातारा मुलाची आठवण काढतो. किनाऱ्यावर मुलगा म्हाताऱ्याची वाट पाहतो. शेवटी तो कॉफी घेऊन येतो, आईबापांची पर्वा न करता पुन्हा त्याच्याबरोबर जाण्याचे ठरवितो आणि निजलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून राहतो. त्या जुन्या सत्य घटनेत मुलगा नव्हता. हेमिंग्वेने तो घातला, कारण एकट्याचे धैर्य पुरे पडत नाही हे त्याला ठाऊक होते. जगापुढे मिरविताना त्याने ते कबूल केले नाही. लिहिताना मात्र लपविले नाही. म्हणूनच हे पुस्तक खरे आहे, आणि मुलांच्या हाती निःशंकपणे द्यावे असे आहे. देताना वडीलधाऱ्यांनी म्हाताऱ्याबरोबर त्या मुलाविषयीही दोन शब्द सांगावेत. आणि लेखकाचा शेवट विचारला गेला तर तोही न लपविता सांगावा.

त्याच्या मृत्यूनंतर पत्नी मेरीने राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या साहाय्याने क्यूबात जाऊन हस्तलिखिते आणली. ती पुढे बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात जतन झाली आणि १९८० पासून अभ्यासकांसाठी खुली झाली. फिंका विहियातील घर व ग्रंथ क्यूबा सरकारकडे गेले आणि त्याचे संग्रहालय झाले. पॅरिसच्या दिवसांच्या त्याच्या आठवणी १९६४ साली प्रसिद्ध झाल्या; ज्या वाचनालयाने खिशात पैसे नसलेल्या तरुणाला पुस्तके नेऊ दिली त्याचे ऋण त्याने त्यात मनापासून मानले आहे. पुढच्याच वर्षी ‘एका कोळियाने’ मराठीत आले.

वाचनालयाचे काम याहून फारसे निराळे नसते. कोण उद्याचा लेखक आणि कोणाला आजची रात्र जड जाणार आहे, हे पुस्तकाची नोंद करणाऱ्याला ठाऊक नसते. त्याने पुस्तक द्यावे आणि वाचक परत येईल याची वाट पाहावी.